टप्प्यांमधले सांधे: एकाचं काम दुसऱ्याच्या हाती देताना काय ठरवायचं आणि कोणत्या क्रमाने

सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरच्या हाती बिल्ड, म्हणजे चालवून पाहता येईल अशी तयार प्रत, येतो. टिकेटवर, म्हणजे त्या कामाच्या नोंदीवर, एकच ओळ असते: "झालंय, बघून घ्या." बिल्ड कोणत्या ब्रांचवरचा (कोडच्या शाखेवरचा) आहे, डेटाबेसमध्ये काही बदललंय का, कुठला भाग मुद्दाम सोडलाय, यातलं काहीच कळत नाही. टेस्टरचा अर्धा दिवस विचारपूस करण्यात जातो. मग तो एक बग टाकतो आणि उत्तर येतं, "ते या वेळी करायचंच नव्हतं." दोघंही आपापलं काम मनापासून करत असतात. दोघांच्या मधल्या जागेबद्दल मात्र कोणीच काही ठरवलेलं नसतं.

बहुतेक टीमकडे टप्प्यांची वर्णनं असतात. रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरकडून काय हवं ते) कशी गोळा करायची, डिझाइन कसं मांडायचं, कोड रिव्ह्यू कसा करायचा, हे सगळं लिहिलेलं सापडतं. एक टप्पा संपून दुसरा सुरू होतो त्या जागेवर मात्र फक्त बाण काढलेला असतो. त्या बाणाच्या जागी नेमकं काय हवं, ते कसं ठरवायचं आणि कोणत्या क्रमाने, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्या जागेला इंटरफेस म्हणतात. मी सांधा म्हणणार आहे, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी जे ठरवायचं त्याला करार.

क्रमाला इथे फार महत्त्व आहे. मी पाहिलेल्या फसलेल्या करारांपैकी बरेचसे आशयात वाईट नव्हते. देणाऱ्यांनी ते आधी लिहून टाकले आणि घेणाऱ्यांना नंतर दाखवले, म्हणून ते फसले.

## सुरू करण्याआधी

तीन गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली: नुकत्याच पूर्ण झालेल्या दहा कामांची टिकेटं, त्यांवरच्या सगळ्या कॉमेंटसकट. निवडून चांगली घेऊ नका, ओळीने शेवटची दहा घ्या.

दुसरी: सांध्याच्या दोन्ही बाजूंची प्रत्यक्ष काम करणारी माणसं, एकेक तरी. फक्त टीम लीड बसले तर काम कसं व्हायला हवं ते कागदावर येतं आणि काम कसं होतं ते बाहेर राहतं.

तिसरी: सलग तीन-चार तास. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मीटिंगांमध्ये हे होत नाही, कारण प्रत्येक वेळी पहिली वीस मिनिटं मागचं आठवण्यात जातात.

टेम्प्लेट मात्र आत्ता शोधू नका. तयार टेम्प्लेट समोर असलं की माणसं रकाने भरतात, आणि आपल्या कामात खरी अडचण कुठे येते हा प्रश्न मागे पडतो.

## १. काम खरंच कसं वाहतं ते कागदावर काढा

दहा टिकेटांपैकी प्रत्येकासाठी एक आडवी रेघ ओढा. काम कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेलं ते क्रमाने नोंदवा, आणि जिथे ते मागे आलं तिथे उलटा बाण काढा. प्रक्रियेच्या कागदावर काय लिहिलंय ते या वेळी पाहू नका, फक्त टिकेटवर काय दिसतं ते पाहा.

दोन गोष्टी जवळजवळ नेहमी दिसतात. एक म्हणजे कागदावर नसलेले सांधे. उदाहरणार्थ, डिझाइन थेट डेव्हलपरकडे जातं असं सगळे म्हणतात, पण प्रत्यक्षात मधे एक अनुभवी सहकारी ते 'एकदा नजरेखालून घालतो', आणि तो रजेवर असला की काम अडतं. दुसरं म्हणजे लांब उड्या. टेस्टिंगमधून काम डेव्हलपरकडे न येता थेट रिक्वायरमेंटपर्यंत मागे जातं. अशी उडी दिसली तर मधल्या सगळ्या टप्प्यांनी एक चूक आपल्या हातून पुढे जाऊ दिली, असं समजा.

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या फेऱ्यांमध्ये, काम करणाऱ्यांना वाटतं की आपल्याकडे टप्पेच नाहीत. टप्पे असतात, फक्त ते पूर्ण प्रकल्पाऐवजी प्रत्येक छोट्या कामाला लागू होतात. एकच माणूस डिझाइन आणि कोड दोन्ही करत असेल तर त्या जागी सांधा नाही, तिथे करार लिहू नका. माणूस, टीम किंवा वेळ बदलते तिथेच सांधा असतो. वेळही यात धरली आहे, कारण आज लिहिलेलं डिझाइन तीन महिन्यांनी तुम्हीच हाती घेतलंत तर तुम्ही त्याचे नवे घेणारे असता.

तपासा: प्रत्येक सांध्यावर देणारा कोण आणि घेणारा कोण, हे एकेका भूमिकेच्या नावाने सांगता येतंय का? उत्तर 'टीम' असं येत असेल तर तो सांधा अजून नीट सापडलेला नाही.

## २. एकच सांधा निवडा

उलटे बाण सर्वात जास्त जिथे आहेत तो सांधा घ्या. दोन ठिकाणी सारखेच असतील तर आधीच्या टप्प्यातला घ्या, कारण तिथे सुटलेली चूक पुढच्या सगळ्यांच्या वाट्याला येते.

सावध: सगळे सांधे एकदम ठरवायला घेऊ नका. पाच करार एकाच आठवड्यात लागू केले की काम मंदावतं, आणि कोणत्या करारामुळे मंदावलं ते कळत नाही. मग पाचही गुंडाळले जातात.

पुढच्या टप्प्यांसाठी एकच उदाहरण धरू. काम असं आहे: ऑर्डर रद्द झाल्यावर ग्राहकाला पैसे परत करणं, म्हणजे रिफंड. सांधा डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगमधला.

## ३. आधी घेणाऱ्याला बोलू द्या

सर्वात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे जरा थांबू.

देणाऱ्याला विचारलंत की "तू काय देतोस?", तर तो त्याच्याकडे तयार असलेल्या गोष्टींची यादी देतो. डेव्हलपर म्हणेल कोड, युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागांच्या चाचण्या), रिव्ह्यूची नोंद. यातलं काहीच खोटं नाही, पण टेस्टरला पहिल्या तासात लागतं ते यात असेलच असं नाही. म्हणून सुरुवात घेणाऱ्यापासून करायची. देणाऱ्याने या वेळी फक्त ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. "पण ते तर आम्ही देतोच" हे वाक्य येतंच. ते आलं की टिकेट उघडून दाखवायला सांगा.

घेणाऱ्याला तीन प्रश्न विचारा.

"काम हाती आल्यावर पहिल्या तासात तुम्ही काय करता?" अगदी हातांच्या हालचालींपर्यंत विचारा. टेस्टर सांगतो: स्टेजिंग (चाचणीसाठीची वेगळी यंत्रणा) उघडतो, योग्य बिल्ड चढलाय का पाहतो, रद्द करता येईल अशी ऑर्डर शोधतो, ती सापडत नाही म्हणून स्वतः तयार करतो, पेमेंटची खोटी नोंद कशी घालायची ते डेव्हलपरला विचारतो. एवढ्यातच तीन अटी मिळाल्या: बिल्डची ओळख, चाचणीचा डेटा आणि पेमेंटची नक्कल करण्याची पद्धत. यातली एकही डेव्हलपरच्या यादीत नव्हती.

"मागच्या पाच कामांत तुम्हाला कोणता प्रश्न विचारायला जावं लागलं?" आठवणीवर विसंबू नका, टिकेटवरच्या कॉमेंट वाचा. प्रत्येक प्रश्न म्हणजे करारातली एक न लिहिलेली ओळ असते. तोच प्रश्न दोनदा दिसला तर ती ओळ करारात येणारच.

"हाती आलेलं काम उघडून न पाहता परत पाठवाल, अशी स्थिती कोणती?" या प्रश्नावर लोक घुटमळतात, कारण परत पाठवणं भांडणासारखं वाटतं. तरीही उत्तर मिळवाच. सांधा खरा कुठे आहे ते या उत्तरात कळतं.

हे झाल्यावर पाळी देणाऱ्याची. त्याला विचारा, "यातलं काय देणं तुला जड जाईल, आणि का?" डेव्हलपर म्हणू शकतो की चाचणीचा डेटा प्रत्येक कामासाठी हाताने तयार करायला दोन तास लागतात. ही अडचण खरी आहे. मग दोघांनी मिळून ठरवायचं: डेटा तयार करणारी एक स्क्रिप्ट एकदाच लिहायची, आणि तोपर्यंत फक्त पैशांच्या कामांसाठी डेटा द्यायचा.

तपासा: देणाऱ्याने आधी कधीच न दिलेली निदान एक गोष्ट यादीत आली का? आली नसेल तर घेणारा अजून मोकळेपणाने बोललेला नाही.

## ४. कराराचे सहा भाग लिहा

आता लिहायला घ्या. एका सांध्याचा करार एका पानात मावला पाहिजे. रिफंडच्या उदाहरणात तो असा दिसेल:

- वस्तू. स्टेजिंगवर चढवलेला बिल्ड, कमिट क्रमांकासह (कोडमधल्या त्या बदलाच्या नोंदीचा क्रमांक). डेटाबेस मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेसच्या रचनेतल्या बदलाची, फाइल. बदललेल्या कॉन्फिगरेशनची यादी. रद्द करता येतील अशा तीन ऑर्डरी.
- स्थिती. सगळ्या युनिट टेस्ट पास. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने रिव्ह्यू केलेला. मायग्रेशन पुढेही चालवून पाहिलेलं आणि मागेही.
- गृहीतकं. एका ऑर्डरला एकच पेमेंट असतं. रक्कम चलनाच्या सर्वात लहान एककात, पूर्णांकात साठवली आहे. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आहेत. तीच रिफंड विनंती दोनदा आली तरी पैसे एकदाच जातात.
- मुद्दाम सोडलेलं. ऑर्डरमधल्या काही वस्तूंपुरता रिफंड या कामात नाही. ईमेलचा मजकूर तात्पुरता आहे.
- तपास. वरच्यापैकी काय कोण पाहणार: यंत्र, देणारा की घेणारा.
- परतीची वाट. अट मोडली तर काम कोणाकडे आणि किती वेळात जाणार.

पहिले दोन भाग सगळे लिहितात. नुकसान होतं ते बहुधा तिसऱ्यावर आणि चौथ्यावर.

गृहीतकांचं घ्या. 'एका ऑर्डरला एकच पेमेंट' ही ओळ लिहिली नसती तर टेस्टरने एकाच पेमेंटच्या ऑर्डरी तपासल्या असत्या, सगळं बरोबर आलं असतं, आणि अर्धे पैसे गिफ्ट कार्डने व अर्धे बँकेच्या कार्डने भरणारा पहिला ग्राहक येईपर्यंत कोणाला काही कळलं नसतं. ओळ लिहिली की टेस्टर म्हणू शकतो, "हे खरं नाही, दोन पेमेंट होऊ शकतात." गृहीतक लिहिण्याचा उपयोग हाच: ज्याला ते चुकीचं असल्याचं माहीत आहे त्याला ते दिसतं.

एरियान ५ या रॉकेटचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ ला झालं आणि इंजिन पेटल्यानंतर जेमतेम ४० सेकंदांत ते मार्गावरून भरकटून फुटलं. दिशा मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून तसंच घेतलेलं होतं. ६४ बिटच्या फ्लोटिंग पॉइंटमधला (दशांश संख्या साठवण्याच्या पद्धतीतला) आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा १६ बिटच्या पूर्णांकात बदलताना त्यात मावला नाही. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तो मावत असे, आणि नव्याचा आडवा वेग बराच जास्त होता. एरियान ५ च्या उड्डाणमार्गाची माहिती त्या यंत्रणेच्या रिक्वायरमेंटमध्ये घातलेलीच नव्हती, असं चौकशी समितीने नोंदवलं. 'हा आकडा अमुक मर्यादेपलीकडे जाणार नाही' हे गृहीतक सांध्यावर लिहिलेलं असतं, तर नवा मार्ग माहीत असलेल्याला त्यावर बोट ठेवता आलं असतं.

म्हणून दुसरीकडून उचललेला कोड, जुन्या प्रकल्पातलं डिझाइन, मागच्या वर्षीच्या रिक्वायरमेंट, असं काही सांध्यावरून जात असेल तर गृहीतकं नव्याने लिहा. जुनी नक्कल करून डकवू नका.

गृहीतकं सुचत नसतील तर या पाच ठिकाणी शोधा: एककं, मर्यादा, क्रम, वेळ आणि संख्या. कोणत्या एककात? जास्तीत जास्त किती? आधी काय, नंतर काय? कोणत्या टाइमझोनमध्ये, किती वेळ थांबून? एकच की अनेक? बहुतेक गृहीतकं या पाचांतच सापडतात.

सावध: 'मुद्दाम सोडलेलं' हा भाग रिकामा ठेवू नका. खरंच काही सोडलं नसेल तर 'काही नाही' असं लिहा. रिकाम्या जागेवरून ते विसरलं की नव्हतंच, हे कळत नाही.

सध्या तुमच्याकडे प्रत्येक टप्प्याच्या प्रवेश-अटी आणि बाहेर पडण्याच्या अटी अशा दोन याद्या असतील. प्रवेश, काम, पडताळणी, निर्गमन असा साचा अनेक प्रक्रियांमध्ये असतो आणि तो वाईट नाही. पण डेव्हलपमेंटची निर्गमन-यादी एकाने आणि टेस्टिंगची प्रवेश-यादी दुसऱ्याने लिहिली की काही महिन्यांत त्या जुळेनाशा होतात. सांध्यावर एकच यादी ठेवा आणि दोन्ही टप्प्यांना तिच्याकडे बोट दाखवू द्या.

## ५. प्रत्येक अट हो किंवा नाही अशी करा

लिहिलेल्या अटी पुन्हा वाचा आणि 'पुरेसं', 'योग्य', 'स्पष्ट', 'शक्यतो', 'लवकरात लवकर', 'सर्वसाधारणपणे' हे शब्द शोधून काढा. असा शब्द दिसला की अट अजून ठरलेली नाही. शब्द आला तिथे दोघांचं जमत नव्हतं, आणि वाद टाळायला तो घातला गेला.

'कोडची पुरेशी चाचणी झालेली असावी' याचं काय करायचं? घेणाऱ्याला विचारा की कमी चाचणीमुळे त्याला काय भोगावं लागलं. तो म्हणाला, "नेहमीचा मार्गच चालत नसतो, पहिल्याच क्लिकला एरर येतो." मग अट अशी होते: 'ऑर्डर रद्द करण्यापासून रिफंडची नोंद दिसेपर्यंतचा मार्ग डेव्हलपरने स्टेजिंगवर स्वतः एकदा पूर्ण चालवलेला आहे.' कोड कव्हरेजची, म्हणजे चाचण्यांमध्ये किती कोड चालला याची, टक्केवारी इथे उपयोगाची नव्हती. ८० टक्के कव्हरेज असूनही पहिल्या क्लिकला एरर येऊ शकतो.

'डिझाइन स्पष्ट असावं' ऐवजी: 'बाहेरच्या प्रत्येक सिस्टीमला केलेल्या कॉलसाठी उत्तर न आल्यास काय करायचं ते लिहिलेलं आहे.'

'रिक्वायरमेंट पूर्ण असाव्यात' ऐवजी: 'प्रत्येक रिक्वायरमेंटला निदान एक उदाहरण आहे, आणि नकार मिळायला हवा असंही निदान एक उदाहरण आहे.'

अटींची ताकदही वेगवेगळी असते, आणि ती क्रियापदातच दिसली पाहिजे. इंटरनेटच्या मानकांमध्ये यासाठी १९९७ पासून ठरलेले शब्द आहेत, ते आरएफसी २११९ या दस्तऐवजात दिले आहेत. मराठीत तीन पुरतात: असलंच पाहिजे म्हणजे नसेल तर काम परत. असावं म्हणजे कारण लिहून सोडता येईल. चालेल म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीवर. 'असलंच पाहिजे' सात-आठ अटींहून जास्त ठिकाणी आलं असेल तर पुन्हा बसा. वीस सक्तीच्या अटी घाईच्या दिवशी कोणी पाळत नाही, आणि एकदा मोडल्या की सगळ्याच सैल पडतात.

तपासा: एकच पूर्ण झालेलं काम दोन माणसांना वेगवेगळं बसवून करारावर तपासायला द्या. दोघांची उत्तरं ज्या अटीवर वेगळी येतील ती पुन्हा लिहा.

## ६. तपास कोणी आणि कधी करायचा ते ठरवा

अट लिहून झाली म्हणजे काम झालं, असं मानणं ही महाग चूक आहे. मंगळाभोवती फिरण्यासाठी पाठवलेलं नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या (यानाच्या छोट्या इंजिनांच्या) धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं आणि ते वापरणारी बाजू न्यूटन-सेकंद समजत होती. एक पाउंड-सेकंद म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन-सेकंद. दोन सॉफ्टवेअरमधल्या इंटरफेसचा दस्तऐवज तिथे होता आणि त्यात मेट्रिक एकक स्पष्ट लिहिलेलं होतं. देणारी फाइल त्या दस्तऐवजाप्रमाणे आहे की नाही, याची शेवटपर्यंतची चाचणी मात्र नीट झाली नाही.

म्हणून प्रत्येक अटीसमोर एक नाव लिहा. तीनच पर्याय आहेत.

यंत्राला जमतं ते यंत्राला द्या: टेस्ट पास आहेत का, मायग्रेशन मागे जातं का, कमिट क्रमांक जुळतो का, फाइलचा स्कीमा (रचना) बरोबर आहे का. हे बिल्डच्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे बिल्ड आपोआप तयार होऊन तपासला जाण्याच्या साखळीत, घाला, म्हणजे अट पूर्ण झाल्याशिवाय टिकेट पुढे सरकणारच नाही.

माणसाची नजर लागते ते घेणाऱ्याने पाहावं. गृहीतकं खरी आहेत का, सोडलेला भाग चालण्यासारखा आहे का, हे देणाऱ्याला स्वतःचं स्वतः दिसत नाही.

उरलेलं थोडं देणाऱ्याच्या शब्दावर ठेवा. वर सांगितलेला 'मार्ग स्वतः चालवलेला आहे' हा त्यातलाच. तिथे निव्वळ टिकमार्क मागू नका, एक पुरावा मागा: तयार झालेल्या रिफंड नोंदीचा क्रमांक पुरतो. टिकमार्क सवयीने पडतो, क्रमांक मिळवायला मार्ग खरंच चालवावा लागतो.

तपासाची वेळही ठरवा. घेणाऱ्याने काम हाती आल्यापासून एका कामाच्या दिवसात 'स्वीकारलं' किंवा 'परत' म्हणायचं. तोपर्यंत काम देणाऱ्याचं. 'स्वीकारलं' म्हटल्यानंतर कराराच्या अटीतलीच त्रुटी सापडली, तर ती दोघांची.

## ७. परतीची वाट आखा

काम परत येण्याची कारणं तीन असतात आणि तिन्हींची वाट वेगळी असते.

अपुरं. ठरलेलं काहीतरी आलेलं नाही. काम सरळ देणाऱ्याकडे जातं, चर्चा लागत नाही.

संदिग्ध. आलंय, पण दोन अर्थ निघतात. इथे काम परत पाठवू नका, प्रश्न विचारा. उत्तर मिळाल्यावर ते मूळ दस्तऐवजात लिहिलं गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. बहुतेक टीम इथेच घसरतात: उत्तर चॅटवर मिळतं, काम पुढे जातं, दस्तऐवज जुनाच राहतो. तीन महिन्यांनी दुसरा कोणीतरी तो जुना दस्तऐवज खरा मानून कोड बदलतो.

चुकीचं. चूक दोन टप्पे मागची आहे. टेस्टरला कळलं की रद्द करण्याची मुदत आणि रिफंडची मुदत या रिक्वायरमेंटच एकमेकींना छेद देतात. काम डेव्हलपरकडे पाठवलं तर तो अंदाजाने काहीतरी निवडेल. म्हणून प्रश्न थेट बिझनेस अ‍ॅनालिस्टकडे (रिक्वायरमेंट लिहिणाऱ्याकडे) जावा, पण मधल्या डेव्हलपरला त्याच टिकेटवर कळलं पाहिजे, आणि निर्णय येईपर्यंत त्याने तो भाग बदलू नये.

उलट दिशेचंही ठरवा. हातातून सुटलेलं काम नंतर बदललं तर? रिक्वायरमेंटला आवृत्ती क्रमांक द्या, आणि टिकेटवर कोणत्या आवृत्तीवर काम झालं ते लिहा. बदल करणाऱ्याने पुढे ज्यांच्याकडे काम गेलंय त्या सगळ्यांना कळवायचं. दस्तऐवज बदलून गप्प बसायचं नाही.

सावध: परत आलेल्या कामांची संख्या कोणाच्या मूल्यमापनात कधीही वापरू नका. एकदा वापरली की घेणारा परत पाठवायचं थांबवतो, आणि सगळं पुन्हा तोंडी, आडून चालू होतं.

## ८. जुन्या कामांवर चालवून पाहा

लागू करण्याआधी हे कराच. दहा टिकेटांमधून दोन निवडा: एक सुरळीत पार पडलेलं, एक चार वेळा मागे आलेलं. दोन्हींवर करार लावा.

सुरळीत गेलेलं काम सक्तीच्या तीन-चार अटींवर अडलं असतं, तर करार गरजेपेक्षा कडक आहे. त्या अटी 'असावं' वर आणा किंवा काढा. आणि मागे आलेलं काम करारातून बिनदिक्कत पार झालं असतं, तर सर्वात महत्त्वाची अट अजून लिहिलेलीच नाही. चौथ्या पायरीवर परत जा आणि बहुधा गृहीतकांमध्ये शोधा.

मग फक्त नव्या कामांना करार लागू करा. अर्ध्यात असलेल्या कामांना लावू नका. करार कोडच्याच रेपॉझिटरीत, म्हणजे कोड जिथे साठवता तिथेच, ठेवा. बदल करायचा तर कोडसारखाच, दोन्ही बाजूंच्या माणसांनी रिव्ह्यू करून.

## बाकीच्या सांध्यांवर काय पाहायचं

क्रम तोच राहतो, प्रत्येक सांध्याची दुखरी जागा वेगळी असते.

रिक्वायरमेंट ते डिझाइन. इथे घेणाऱ्याला 'का' लागतो. 'रिफंड तीन दिवसांत' यामागे कायदा आहे की एका ग्राहकाची तक्रार, यावर डिझाइन बदलतं. प्रत्येक आकड्याचं कारण मागा.

डिझाइन ते डेव्हलपमेंट. नेहमीचा मार्ग सगळे काढतात. टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपणं), अर्धवट झालेला व्यवहार, दोनदा आलेली विनंती, हे काढलेलं नसतं. नाकारलेले पर्यायही एकेका ओळीत लिहायला सांगा, नाहीतर डेव्हलपर तेच पर्याय नव्याने शोधून काढतो.

टेस्टिंग ते रिलीज. काय तपासलं याच्या शेजारी काय तपासलं नाही ते हवं. तपासलेला बिल्ड आणि चढणारा बिल्ड एकच आहे का, हे कमिट क्रमांकावरून यंत्राने पाहावं. 'शेवटचा छोटासा बदल' या सांध्यावर चालत नाही. बदल झाला की तो नवा बिल्ड.

रिलीज ते सपोर्ट. याला थोडी जास्त जागा देते, कारण हा सांधा बहुतेक ठिकाणी नसतोच. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर व्यवहार कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढलेला नव्हता. त्या एका सर्व्हरवरचा जुना, वापरात नसलेला कोड नव्या फ्लॅगमुळे (चालू-बंद खुणेमुळे) जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त फटका बसला. सगळ्या सर्व्हरवर कोड चढला का हे दुसऱ्या व्यक्तीने पाहावं, असा लेखी नियम तिथे नव्हता. त्याहून शिकण्यासारखं असं की बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने या चुकीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते इशारा म्हणून ठरलेले नव्हते, त्यामुळे त्यांवर कोणी हललं नाही.

म्हणून या सांध्यावर तीन ओळी सक्तीच्या ठेवा. किती सर्व्हरवर चढलं आणि ते कोणी मोजलं. कोणता संदेश दिसला की कोणी उठायचं. मागे कसं जायचं, आणि मागे जाऊन शेवटचं कधी पाहिलं.

## सहा आठवड्यांनी

दोन्ही बाजू पुन्हा एक तास बसा. प्रत्येक अटीसमोर लिहा की तिने किती वेळा काम अडवलं आणि अडवणं बरोबर होतं का. वारंवार अडवणाऱ्या अटीकडे आधी पाहा, कारण बहुधा देणाऱ्याला ती पूर्ण करायला साधन हवं असतं: स्क्रिप्ट, स्टेजिंगवर प्रवेश, किंवा अर्ध्या तासाची शिकवणी. करारात नसलेल्या कारणाने काम मागे आलं असेल तर ते कारण अट म्हणून घाला.

एकदाही उपयोगी न पडलेल्या अटी काढून टाका, म्हणजे पान एकच राहील. याला अपवाद क्वचित घडणाऱ्या पण मोठं नुकसान करणाऱ्या गोष्टींचा. मायग्रेशन मागे जातं का, या अटीने सहा आठवड्यांत एकही काम अडवलं नसेल. तरीही ती राहू द्या, आणि तिचा तपास यंत्राकडे द्या, म्हणजे ती पाळायला कोणाचा वेळ जाणार नाही.